पाठिंब्याचं पत्र कोणी कोणाला द्यायचं?

प्रति,
माननीय मार्क बटलर,
आरोग्यमंत्री, ऑस्ट्रेलिया

विषय: ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी, वस्त्यांमधल्या आजारांवरच्या संशोधनाचा पैसा

सादर नमस्कार.

मी डार्विनमध्ये राहणारी मराठी परिचारिका. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण इथल्या दवाखान्यांत आणि संशोधन संस्थांत आता आमची माणसंही आहेत, त्यांनीही ते वाचावं. आपल्याला भाषांतर करून द्यायला कोणीतरी मिळेलच.

१९८५च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात यामी लेस्टर यांनी एक डॉक्टर, एक वास्तुविशारद आणि एक मानववंशशास्त्रज्ञ अशा तिघांना काम दिलं: लोक आजारी पडायचे थांबवा. लेस्टर हे न्गानाम्पा हेल्थ कौन्सिल या ॲबोरिजिनल लोकांच्या स्वतःच्या आरोग्यसंस्थेचे तेव्हाचे संचालक. १९५३च्या इमू फील्ड अणुचाचणीनंतर पसरलेला काळा धूर त्यांनी लहानपणी पाहिला होता, पुढे त्यांची दृष्टी गेली.

ते तिघं घरोघर जाऊन नळ, शॉवर, संडास तपासू लागले. १९८७च्या अहवालात पहिलं काम लिहिलं होतं अंघोळ, विशेषतः लहान मुलांची; दुसरं, कपडे-अंथरुणं धुणं. खरूज, खुपऱ्या, जुलाब यांचं मूळ तिथे होतं. ‘यांना घरं राखता येत नाहीत’ हे वाक्य मी आपल्या मराठी मंडळींच्या जेवणातही ऐकलंय. प्रत्यक्षात दहातला एक बिघाडही राहणाऱ्यांच्या हातून झालेला नव्हता; बाकी सगळं कच्चं बांधकाम आणि न झालेली देखभाल. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये घरं तपासून दुरुस्त करायची ही पद्धत दहा वर्षं राबवली गेली. दुरुस्त झालेल्या घरांतल्या लोकांना संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण इतर ग्रामीण ॲबोरिजिनल लोकांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरलं.

डार्विनच्या पूर्वेला आर्नहेम लँडमधल्या मनिनग्रिडा गावातही काम असंच तिथल्याच लोकांनी मागितलेलं. २०१८मध्ये तिथल्या जाणत्यांच्या आग्रहावरून मुलांची हृदयं सोनोग्राफीने तपासली, तर शंभरातल्या पाचांना सांधेवाताच्या तापाने (जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या एका आजाराने) हृदयाच्या झडपा खराब झालेल्या. अनेकांच्या घरी पत्ताही नव्हता. नंतर स्थानिक आरोग्यसेवकच ती तपासणी करायला शिकले. अशा मुलांना वर्षानुवर्षं दर २८ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते फार दुखतं. पोरं मला पाहून पळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

साहेब, सरकारची राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषद खर्चाचा किमान ५ टक्के भाग ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासीयांच्या आरोग्यसंशोधनाला देते. चांगलंच आहे. पण तो पैसा कोणाच्या खात्यात जातो आणि प्रश्न कोण ठरवतं? मी ज्या दवाखान्यात काम केलं तिथे संशोधनाचा प्रस्ताव शहरातल्या विद्यापीठातून तयार होऊन यायचा आणि मुदत संपायच्या आठवड्यात ईमेल: ‘समाजाच्या पाठिंब्याचं पत्र हवं.’ वाचायला दोन दिवस. रक्ताचे नमुने जायचे, निकाल मात्र गावात परत सांगायला कोणी यायचं नाही.

कोविडमध्ये, मार्च २०२०मध्ये, ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासीयांसाठीच्या कोविड सल्लागार गटाचं सहअध्यक्षपद आपल्या खात्याने ॲबोरिजिनल आरोग्यसंस्थांच्या राष्ट्रीय संघटनेला दिलं होतं. म्हणजे जमतं.

माझी मागणी एवढीच: या वस्त्यांमधल्या संसर्गजन्य आजारांवरच्या संशोधनाचं अनुदान पुढच्या फेरीपासून थेट तिथल्या आरोग्यसंस्थांच्या नावे निघावं, माहितीचा ताबा त्यांच्याकडे राहावा आणि स्थानिक भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचा पगार त्यात धरलेला असावा. पाठिंब्याचं पत्र लागलंच, तर ते विद्यापीठाने त्यांना द्यावं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
डार्विनमधली एक मराठी परिचारिका