पाडव्याचं रॉकेट नव्हे, बाबा

सास्काटून, कॅनडा
डिसेंबर

ती. बाबा, सा. न.

फोन मधेच आईने घेतला आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं: मला आकाशात दिसलेला जळता गोळा म्हणजे रॉकेटच का, आणि तो कुठून कुठे गेला?

2022 च्या पाडव्याला मामाने नागपूरहून व्हिडिओ पाठवला होता, तसलं हे नव्हतं, ही उल्का होती. ते चिनी रॉकेटचे तुकडे होते. रांगेने सावकाश गेले, सिंदेवाहीजवळ लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडंही पडलं. इथे खिशातून मोबाइल काढेपर्यंत खेळ खलास! रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येतो, उल्का 11 ते 72 किलोमीटरने.

मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो. अचानक समोरचा बर्फ हिरवट उजळला आणि कुंपणाच्या फळ्यांच्या सावल्या त्यावरून सरसर सरकल्या. मान वर केली तर गोळा उत्तरेकडे उतरत होता. शेवटी फुटला, दोन-तीन नारिंगी ठिणग्या पुढे गेल्या आणि विझल्या. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. हा तर पौर्णिमेच्या चंद्राला भारी होता.

मग आवाजाची वाट पाहिली. किलोमीटरला तीन सेकंद धरले तर ऐंशी किलोमीटरवरून यायला चार मिनिटं. नाक बधिर होईतो उभा राहिलो, शेजारचं कुत्रं सोडून कोणी भुंकलं नाही. 2013 साली रशियात चेल्याबिन्स्कला लोक उजेड बघायला खिडक्यांशी गेले आणि नंतर हवेचा जोरदार धक्का आला. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. तेव्हा असं काही दिसलं तर खिडकीत जाऊ नका, हे दोघांनाही सांगतोय.

आता तुमचं ‘कुठून कुठे?’ टिळक स्मारकात आकाशनिरीक्षकांच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत तुम्ही नेत होतात, ते कामी आलं. ब्रह्महृदय ताऱ्याच्या जरा खालून निघाला तो सप्तर्षींपर्यंत. डिसेंबरातल्या मिथुनेच्या उल्कावर्षावातल्या उल्का पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून आल्यासारख्या दिसतात. याची रेषा मागे नेली तर तिकडे जात नाही, म्हणजे हा त्यातला नव्हे. पटतंय का बघा. अमेरिकन मिटिऑर सोसायटीला नोंद पाठवली आहे. बऱ्याच जणांच्या नोंदी जुळल्या की मार्ग काढता येतो, दगड पडलेच असतील तर कुठे, याचाही अंदाज येतो. 2008 मध्ये याच प्रांतात बझर्ड कूलीला असे पुष्कळ सापडले होते.

आई, तारा तुटताना दिसणं अशुभ म्हणालीस. मग अख्ख्या सास्काटूनचं काही खरं नाही! शांत करायचीच असेल तर तिळगुळाच्या पार्सलाने कर, आणि संक्रांतीआधी पोचेल असं पाठव. मागच्या वेळी वड्यांचा भुगा आला होता, डबा घट्ट भर.

तुमचा,
धाकटा