हॅरिस साहेबांना एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं?

संपादक साहेब,

तुमच्या पेपरात हॅरिस शील्डच्या (मुंबईतल्या शाळांची क्रिकेट स्पर्धा) बातमीत परत एकदा 'मुंबई क्रिकेटचे जनक लॉर्ड हॅरिस' असं छापून आलंय म्हणून हे लिहितोय. माणूस मोठा होता हे मान्य, इंग्लंडचा कॅप्टन, इटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, तिकडे सरकारात इंडिया ऑफिस आणि वॉर ऑफिस बघितलं आणि मग 1890 ते 1895 मुंबईचा गव्हर्नर. 1879 मध्ये सिडनीला एका रनआऊटवरून पब्लिक मैदानात घुसली तेव्हा ह्याला काठीचा फटका पण बसलेला. पण जनक? अहो, पारशी मंडळी 1886 आणि 1888 मध्ये इंग्लंडचा दौरा करून आली होती, आणि जानेवारी 1890 च्या शेवटी त्यांनी वर्नन साहेबाच्या इंग्लिश टीमला मुंबईत हरवलं. हॅरिस बोटीतून उतरला एप्रिलमध्ये! म्हणजे बाळ पळायला लागल्यावर बाप आला की काय.

उलट पोलोवाल्या गोऱ्यांचे घोडे मैदानाची वाट लावायचे म्हणून हजारावर लोकांनी सह्या करून अर्ज दिला, तर साहेबांनी पोलोवाल्यांना हलवलं नाही. नंतर केनेडी सी फेसला, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हला, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा दिल्या, त्याचं क्रेडिट द्यायलाच हवं, आपली किती पोरं तिथे घडली. पण त्याचं धोरणच होतं की एका समाजाला एकच जिमखाना, त्यापुढे जागा मागायची नाही. धर्मावरून टीम पाडायची सवय तिथेच पक्की झाली, पुढे धर्मवार टीमचे चौरंगी, पंचरंगी सामने त्याच पठडीतले.

आणि ऑगस्ट 1893 ची हिंदू-मुस्लिम दंगल? मुंबई पेटलेली, गव्हर्नर साहेब पुण्यात, आले ते नवव्या दिवशी आणि तेही मॅच बघायला, अशी टीका आजपर्यंत होते. टिळकांनी तर केसरीतून ह्याच्या सरकारला चांगलंच धारेवर धरलेलं.

शील्डचं नाव बदला वगैरे मी म्हणत नाहीये, सचिन-कांबळीची 664 ची पार्टनरशिप त्याच शील्डमधली, ते नाव आता आपलंच झालंय. फक्त 'जनक' शब्द काढा, आणि शाळांच्या मॅचचे स्कोअर पूर्ण छापत जा, बॉलर्सची नावं दरवेळी गायब असतात.

– एक जुना वाचक, दादर