अपघातग्रस्तांच्या दलालांना पाचशेच रुपये दंड का? केंद्रीय कायदामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय कायदा व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यात राहते. माझ्या धाकट्या भावाच्या अपघाताची नुकसानभरपाई गेल्या आठवड्यात त्याच्या बँक खात्यात जमा झाली आणि त्याच दिवशी तिचा जवळपास तिसरा हिस्सा एका एजंटने काढून नेला, कारण कोऱ्या धनादेशांवर त्याने आधीच सह्या घेऊन ठेवल्या होत्या. हा माणूस वकील नाही, विमा कंपनीचा कर्मचारी नाही, आमच्या नात्यातलाही नाही. जखमीला वकिलाच्या दारापर्यंत नेऊन सोडणे, एवढेच त्याचे काम.

भाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत कामाला होता. एका शनिवारी रात्री मोटारसायकलने घरी येताना तवंदी घाटात ट्रकने त्याला उडवले. खासगी रुग्णवाहिकेच्या चालकाने कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते स्वतःच ठरवले. आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा पोलीस जबाब घ्यायला आले नव्हते. एजंट मात्र आला होता. त्याला ट्रकचा नंबर ठाऊक होता, थर्ड पार्टी विमा कोणत्या कंपनीचा आहे तेही ठाऊक होते. ही माहिती त्याला कोणी आणि किती रुपयांना दिली, हे आजतागायत कोणी विचारलेले नाही. "काका, सहा महिन्यांत क्लेम टाकला नाही तर हक्क बुडतो, सही करा, बाकीचे आम्ही बघतो," असे सांगून त्याने शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या माझ्या वडिलांकडून वकीलपत्रावर सही घेतली. कागद कानडीत होते. वडिलांना मराठीच वाचता येते आणि त्या रात्री आमच्याशी आमच्या भाषेत, थांबून बोलणारा तो एकटाच होता.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो. माझा भाऊ कामगार होता. हे आम्हाला दवाखान्याने सांगितले नाही, पोलिसांनी सांगितले नाही, तारखांना हजर राहूनही न्यायालयाच्या आवारात कळले नाही. या काळात आईचे दागिने गेले, सोसायटीचे कर्ज वाढले, आणि भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा माणूस आता अंगणात काठीशिवाय फिरू शकत नाही. मांडीतली सळई काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करायची आहे. त्यासाठी जे पैसे बाजूला ठेवायचे आम्ही ठरवले होते, नेमके तेच त्या एजंटने नेले.

आता आपल्या कायद्याविषयी. वकिलांना काम मिळवून देणाऱ्या दलालांवर कारवाईसाठी आपल्या सरकारने २०२३ मध्ये अधिवक्ता अधिनियमात दुरुस्ती करून कलम ४५-अ घातले आणि ते ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाले. ब्रिटिशांचा १८७९ चा कायदा रद्द करून हे कलम आले, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. त्यातील शिक्षा कोणती? तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीही दलालाचे नाव आधी अधिकृत यादीत आलेले असेल तरच. दलाल कुठे घुटमळतो, हे सांगताना त्या कलमात न्यायालये, रेल्वे स्थानके, बोटीचे धक्केसुद्धा आहेत. दवाखान्याचा मात्र नावानिशी उल्लेख नाही. आमचे दलाल बोटीच्या धक्क्यावर नसतात, महोदय, ते अपघात विभागाच्या दाराशी उभे असतात. कर्नाटकात हेल्मेट न घालणाऱ्यालाही पाचशे रुपयेच दंड आहे.

दंड वाढवता येत नाही असेही नाही. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ४१ मध्ये पॉलिसीवर बेकायदा सवलत देण्याघेण्यासाठी पूर्वी पाचशे रुपयांपर्यंतच दंड होता. २०१५ मध्ये तो दहा लाखांपर्यंत नेला. हप्त्यातली सूट दहा लाखांचा गुन्हा ठरते आणि मोडलेल्या पायाच्या भरपाईवर घेतलेली टक्केवारी पाचशे रुपयांत सुटते, याचे समर्थन आपण आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांसमोर करू शकाल काय?

वकिलाने निकालावर फी ठरवू नये, दाव्याच्या रकमेत वाटा घेऊ नये, दलालामार्फत अशिले मिळवू नयेत, असे बार कौन्सिलचे नियम आहेत. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन घेऊ नये, असे डॉक्टरांसाठी २००२ चे विनियम आहेत. पण रुग्णवाहिकेचा चालक आणि दवाखान्यातील कारकून या दोन्ही नियमांच्या बाहेर राहतात, आणि साखळी सुरू होते ती त्यांच्यापासूनच. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदा तयार केला, तो मसुदाच राहिला. समित्या नेमणाऱ्यांपैकी कोणाला रात्री दोन वाजता अनोळखी कागदावर सही करावी लागत नाही, म्हणून ही घाई कोणालाच वाटत नाही.

एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघातग्रस्ताला त्याच्या हक्कांचे पत्रक दहा दिवसांच्या आत द्यायचे असते. आम्हाला ते मिळाले नाही. मिळाले असते तरी कोणत्या भाषेत? सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या दवाखान्यांत हे पत्रक मराठीतही मिळावे, यात कोणत्या राज्याचे काय बिघडते?

माझी मागणी अशी की, कलम ४५-अ मधील दंड विमा कायद्याप्रमाणे दहा लाखांपर्यंत वाढवावा. तो केवळ दलालाला नव्हे, तर माहिती विकणाऱ्याला आणि त्याला पैसे देणाऱ्या वकिलालाही लागू व्हावा. यादीत नाव असण्याची अट काढावी. दवाखाने आणि रुग्णवाहिका यांचा स्पष्ट उल्लेख करावा. आणि अशा प्रकारे उचललेली रक्कम जखमीला परत मिळवून देण्याचा अधिकार अपघात दावा न्यायाधिकरणालाच द्यावा. ही दुरुस्ती संसदेच्या पुढील अधिवेशनात मांडणार आहात की नाही, एवढे लेखी कळवावे.

आपली,
एका अपघातग्रस्त कामगाराची बहीण,
निपाणी तालुका, जिल्हा बेळगाव