स्क्रीनवर आलेख उघडताच मशीनचे नियंत्रण मंदावते : एकत्रित पीएलसी-टचस्क्रीन युनिटबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग,
मुंबई.

विषय : आपण पुरवलेले एकत्रित युनिट इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या कामास अयोग्य ठरल्याबाबत.

महोदय,

अंधेरी पूर्व येथील एमआयडीसीत आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा लहान कारखाना असून दीडशे टनी मशीनवर आम्ही बाटल्यांची झाकणे काढतो. या मशीनचे जुने रिले पॅनेल (विजेवर चालणाऱ्या स्विचांचे नियंत्रण फलक) काढून त्या जागी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि टचस्क्रीन एकाच डब्यात असलेले आपले युनिट आम्ही आपल्या अभियंत्याच्या सल्ल्याने बसवले. गेल्या खंडेनवमीला मशीनबरोबर त्या नव्या पॅनेललाही हळदकुंकू वाहिले होते, इतका आमचा त्याच्यावर भरवसा होता.

पहिल्या काही आठवड्यांतच मालाला फ्लॅश येऊ लागला. साच्याच्या दोन पाट्यांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन झाकणाच्या कडेला पातळ पापुद्रा धरायचा. हा दोष सलग येत नसे. दोन-तीनशे शॉट (साचा एकदा भरून निघालेला माल) स्वच्छ पडत आणि मधेच चार-पाच शॉट खराब निघत. आम्ही साचा उतरवून पाट्या घासल्या, क्लॅम्पिंगचा दाब वाढवला, दाण्याचा लॉट बदलून पाहिला, पण फरक पडला नाही. शेवटी कारण सापडले ते आमच्या रात्रपाळीच्या जुन्या ऑपरेटरांना, ज्यांना सगळे मामा म्हणतात. ते एका सकाळी मला एवढेच म्हणाले, "शेठ, मी तापमानाचा ग्राफ बघायला पान उघडतो ना, तेव्हाच माल फ्लॅश मारतो." मला आधी ते पटले नाही. मग मी स्वतः मशीनपाशी उभा राहिलो, मामांना आलेखाचे पान उघडायला आणि बंद करायला सांगत गेलो, आणि दहापैकी नऊ वेळा त्यांचे म्हणणे खरे ठरले.

यानंतर आपल्या युनिटमधील स्कॅन टाइम, म्हणजे सेन्सर वाचून प्रोग्रामची एक फेरी पूर्ण करायला पीएलसीला लागणारा वेळ, दाखवणारे रजिस्टर आम्ही एका जाणकाराकडून तपासून घेतले. मुख्य पान उघडे असताना एक स्कॅन ९ ते ११ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. आलेखाचे पान उघडून मेमरी कार्डवर नोंद सुरू झाली की तोच स्कॅन ६० मिलिसेकंदांपर्यंत लांबतो. आपल्या या मॉडेलमध्ये पडदा रंगवणे आणि मशीन चालवणे ही दोन्ही कामे एकाच प्रोसेसरवर पडतात, याशिवाय दुसरा अर्थ आम्हाला लागत नाही.

५० मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, म्हणून हिशेब मांडतो. वितळलेले प्लास्टिक साच्यात ढकलणारा आमचा स्क्रू ४५ मिलिमीटर व्यासाचा असून इंजेक्शनच्या वेळी तो सेकंदाला ८० मिलिमीटर वेगाने पुढे सरकतो. साचा भरत आला की ठरलेल्या जागी वेग तोडून होल्डिंग प्रेशर (माल साच्यात धरून ठेवण्यापुरता दाब) लावायचे असते, आणि स्क्रू त्या जागी आला की नाही हे पीएलसी पोझिशन सेन्सरवरून प्रत्येक स्कॅनमध्ये पाहतो. स्कॅन ५० मिलिसेकंदांनी लांबला की हा बदल ४ मिलिमीटरपर्यंत उशिरा होऊ शकतो, म्हणजे सुमारे ६ घन सेंटिमीटर वितळलेले प्लास्टिक भरलेल्या साच्यात पूर्ण दाबाने आणखी ढकलले जाते. आमचा सबंध शॉट ४० ग्रॅमचा आहे. त्यात जवळजवळ ५ ग्रॅम जास्तीचे गेल्यावर फ्लॅश येणारच. जुन्या पॅनेलमध्ये याच जागी एक साधा लिमिट स्विच (स्क्रू ठरलेल्या जागी येताच दाबला जाणारा) होता, जो थेट व्हॉल्व्हच्या रिलेला तोडत असे. आपण सुधारणा म्हणून तो काढून टाकायला लावलात.

पीएलसी आणि पडदा एकत्र असण्याला आमचा सरसकट विरोध नाही. कन्व्हेयर, पंप, कूलिंग टॉवर अशा संथ कामाला असे युनिट उत्तम आहे. वायरिंग कमी लागते, जागा वाचते आणि दोन वेगळ्या उपकरणांत संवाद जुळवण्याची कटकट राहत नाही. परंतु मशीनचा वेग, स्क्रूचा व्यास, सेकंदाला किती मिलिमीटर, हे सगळे आपल्या अभियंत्याने खरेदीपूर्वी आमच्याकडून लिहून घेतले होते. निदान या एका कामासाठी तरी ठरावीक वेळाने चालणारा वेगळा इंटरप्ट टास्क (बाकीची कामे मधेच थांबवून चालणारा प्रोग्रामचा तुकडा) लिहायला हवा होता. संपूर्ण प्रोग्राम एकाच सरळ लॅडरमध्ये (पीएलसीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या प्रोग्राममध्ये) ओतून दिल्यामुळे पडदा अडखळला की मशीनही अडखळते.

दुसरी बाब पैशांची नाही, माणसांच्या जिवाची आहे. जुन्या पॅनेलमध्ये इमर्जन्सीचे लाल मशरूम बटण हायड्रॉलिक मोटरच्या कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल लाइनच तोडत असे. नव्या जोडणीत ते बटण केवळ पीएलसीच्या एका इनपुटला आणून सोडले आहे आणि मोटर बंद करण्याचे काम प्रोग्रामवर ठेवले आहे. गेल्या महिन्यात पडदा एका जागी गोठला, बॅरलच्या (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीच्या) चारही झोनचे तापमान २१० अंशांवर स्थिर दिसत राहिले, आणि बॅरलमधून जळका वास आल्यावर मामांनी लाल बटण दाबले तरी मोटर चालूच राहिली. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्या वेळी कोणाचा हात साच्यात नव्हता. उपकरण गोठले तरी बटणाने मशीन थांबलेच पाहिजे, ही गोष्ट आपल्या अभियंत्याला आम्ही सांगावी लागू नये.

तक्रार केल्यावर आपल्याकडून आधी अर्थिंगचे, मग व्होल्टेजचे आणि नंतर आमच्या ऑपरेटरच्या तेलकट हातमोज्यांचे कारण देण्यात आले. आम्ही अर्थिंग तपासून घेतले, स्टॅबिलायझर बसवला. स्कॅन टाइमच्या नोंदींचे फोटो आपल्याला पाठवले, त्यांवर मात्र आजवर एका ओळीचेही उत्तर नाही. आम्ही स्वतः दुरुस्ती करू म्हटले तर मूळ प्रोग्राम आणि त्याचा पासवर्ड देण्यास आपण नकार देता, जरी हा प्रोग्राम आमच्याच मशीनसाठी आमच्याकडून पैसे घेऊन लिहिलेला आहे.

म्हणून आमची मागणी अशी की, इमर्जन्सी बटणाची जोडणी सर्वांत आधी, आठ दिवसांच्या आत, पूर्वीप्रमाणे थेट कॉन्टॅक्टरवर करून द्यावी. त्यानंतर एका महिन्यात हे युनिट परत घेऊन त्या जागी स्वतंत्र पीएलसी आणि त्याला जोडलेला वेगळा टचस्क्रीन विनामूल्य बसवावा, ज्यामुळे पडदा बंद पडला तरी मशीनचे नियंत्रण चालू राहील, आणि दोघांतला संपर्क तुटला तर जुना आकडा दाखवत न राहता पडदा तसे स्पष्ट सांगेल. मूळ प्रोग्राम टिपणांसह आमच्या ताब्यात द्यावा. वाया गेलेल्या मालाचा हिशेब सोबत जोडला आहे; त्याच्या भरपाईबाबत आम्ही बोलण्यास तयार आहोत. कामाचे स्वरूप सांगून आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेली वस्तू त्या कामास योग्य असावी, अशी अट वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये अभिप्रेत धरलेली आहे, आणि गरज पडल्यास आम्ही तिचा आधार घेऊ.

सध्या आलेखाच्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून आम्ही मशीन चालवत आहोत, आणि मेन स्विचजवळ प्रत्येक पाळीत एक माणूस उभा ठेवला आहे. आपला अभियंता येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे, कारण बॅरल तापायला तास-दीड तास लागतो आणि हा दोष चालू मशीनवरच दिसतो.

आपला,
कारखान्याचा मालक,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

सोबत : स्कॅन टाइमच्या नोंदींचे फोटो, खराब मालाचा हिशेब, फ्लॅश आलेली १६ झाकणे.