बाबा, त्या कॅप्सूल मीच नेल्यात

आई, बाबा,

नीट पोचले. कपाटात हळदीच्या कॅप्सूल शोधत बसू नका, दोन्ही डब्या मी निघताना बॅगेत टाकल्या. न विचारता नेल्या म्हणून राग येईल बाबा, पण तोंडावर बोलले असते तर "पोरीनं पैसे घालून पाठवल्यात" म्हणत तुम्ही संपेपर्यंत खाल्ल्या असत्या. पाठवल्या मीच. दिवाळीत तुम्ही दुधाची किटली शेजारच्या ओट्यावर ठेवून आलात आणि आईलाच विचारायलात, दूध आलं का म्हणून, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, त्याच रात्री मोबाईलवर मागवल्या, डॉक्टरांना न विचारता. चूक माझी आहे.

हळदीतलं करक्युमिन अंगाला नीट लागतच नाही म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, 1998 च्या एका अभ्यासात त्यानं शोषण 20 पट वाढलं होतं. पण असल्या कॅप्सूलनी काही जणांच्या लिव्हरला इजा झालीय, आणि तुम्हाला तर रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे. शिवाय विसराळूपणा थांबतो याचा पक्का पुरावा नाहीच. वरणातली हळद मात्र खुशाल खा.

आई, तुझी अंबाडी अन् तांदुळजा चालू ठेव. शिकागोकडं 960 वयस्कर माणसं काही वर्षं तपासली, 2018 ला छापून आलं, रोज पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी न खाणाऱ्यांपेक्षा 11 वर्षं तरुण असल्यासारखी दिसली. भाजीनंच झालं असं नाही म्हणता येत, 2023 ला 604 जणांना तीन वर्षं तसा आहार देऊन पाहिला तर दुसऱ्या गटापेक्षा फारसा फरक नव्हता. म्हणून मी खोटी आशा लावत नाही बाबा, पण ताटात भाजी असावी एवढंच. फक्त रोज सारखीच वाटी, एक दिवस ढीगभर अन् चार दिवस काहीच नाही असं नको, पाल्यातलं व्हिटॅमिन के त्या वॉरफरिनच्या गोळीला आडवं येतं.

अंबाडीत मधी खड्डा करून तुम्ही लसणाची फोडणी ओतायचात, अन् भाकरीच्या पापुद्र्यात गुंडाळून पहिला घास मला. अजून तोच वास येतो.

सोमवारी दादा येईल, नांदेडला नंबर लावलाय. लिव्हर, थायरॉईड, बी-12 सगळं तपासायचं, "मला काय झालंय" म्हणायचं नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आई, तू पण रक्त दे.

किटली मी सायकलच्या हँडलला दोरीनं बांधलीय बाबा. सोडू नका.

तुमची ताई