पडद्यावरचा मांत्रिक आणि 2013 चा कायदा

संपादक साहेब, नमस्कार.

करणी, वशीकरण, काळी जादू असले हॉरर पिक्चर हल्ली एकामागून एक येतायत, आमच्या सोलापुरात पण पोरं नाईट शोला जातात, त्याला हरकत नाही, भुताचे पिक्चर मलाही आवडतात. पण झपाटलेल्या पोरीला मांत्रिक केस धरून मारतो, धुरी देतो आणि ती बरी होते हे सारखं बघून खरंच राग येतो. अहो, भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे! डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर हा जादूटोणाविरोधी कायदा आला, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं पण त्यात येतं.

पडद्यावर सिगारेट दिसली की खाली इशाऱ्याची पट्टी येते, मग मांत्रिक पोरीला मारतो तेव्हा का नाही? निदान मराठी पिक्चरवाल्यांनी तरी ती स्वतःहून टाकावी, आणि पोलीस स्टेशनला तक्रार करता येते, त्यासाठी दक्षता अधिकारी असतो हे पण त्यात लिहावं.

– एक वाचक, सोलापूर