वीरगळांना रंग नको, शेजारी फलक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या भैरवनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार नुकताच झाला. नवी फरशी आली, ओटा वाढला. त्या कामात पारापाशी उभ्या असलेल्या चार वीरगळांपैकी (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडांपैकी) दोन सिमेंटमध्ये अर्धे गाडले गेले आणि उरलेल्या दोघांवर केशरी ऑइलपेंट चढला.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि माथ्याशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. माणूस कशापायी मेला ते तळालाच कोरलेलं असतं. आमच्या एका दगडावर तिथे गायी होत्या. गावची गुरं वळवून नेणाऱ्यांना अडवताना तो पडला असणार. त्या गायी आता सिमेंटखाली आहेत. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, त्यामुळे गाव राखणाऱ्या त्या माणसाची दुसरी कुठलीच खूण आपल्याकडे उरत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

गावकऱ्यांनी हे भक्तीनेच केलं, त्यांना दोष देत नाही. दगड काय सांगतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी इथल्याच शाळेत शिकवलं, मीही मुलांना कधी पारावर नेलं नाही. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, शके ९३४ (इ. स. १०१२) चा मानला जातो, तोसुद्धा वर्षानुवर्षं रस्त्याकडेला ऊनपाऊस खात होता. मग आडगावच्या बिननावाच्या दगडांची काय कथा!

शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या केंद्रीय कायद्याने पुरावस्तू ठरतं. पण कायद्याआधी हवा तो साधा मराठी फलक. दगड आहे तिथेच राहू द्यावा आणि कुठल्या चौकटीत काय आहे ते शेजारी पाच-सहा ओळींत लिहावं. सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीच्या आठवणीचा दगड) आणि गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दगड) असतील तर त्यांच्यापाशीही. रंग काढायला मात्र कुणी तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरू नये, नक्षीच जाते. आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं.

आमच्या फलकाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. येत्या ग्रामसभेत तो मांडणार आहे आणि ओट्याची कडेची फरशी जाणकाराच्या देखरेखीखाली उचलायची परवानगी मागणार आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. पुणे